पुढील ३० वर्षांचा पूरधोका: गावाचा आराखडा कोणत्या पुराला धरून करावा?

प्रश्न: काठावरची

नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावाची ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चा गावातल्या माणसांवर जाऊ नये अशी इच्छा आहे. आमच्या एका बाजूला पंचगंगा आहे आणि थोड्याच अंतरावर ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, एवढे सांगितले तरी इथल्या लोकांना परिस्थिती कळेल.

गावाचा दीर्घकालीन आराखडा सध्या तयार होत आहे. शाळेची नवी इमारत, आरोग्य उपकेंद्र, नळपाणी योजनेची जॅकवेल (नदीतून पाणी उपसण्याची विहीर) आणि जनावरांसाठी कायमचा निवारा या चार गोष्टींच्या जागा ठरवायच्या आहेत. ग्रामसभेत तीन मते पडली. जुन्या मंडळींच्या मते २००५ ची खूण प्रमाण मानावी, कारण २०१९ सारखे पाणी पुन्हा येणे नाही. तरुणांचे म्हणणे असे की २०१९ ची खूण धरून वर दोन फूट ठेवावेत. तिसरे मत असे की शासनाची लाल पूररेषा हाच कायदा आहे आणि त्यापुढे आपण डोके चालवू नये.

लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा पूर, असे आम्हाला सांगण्यात आले. मग २००५, २०१९ आणि २०२१ असे १७ वर्षांत तीन महापूर कसे आले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ग्रामसभेत कोणालाच देता आले नाही. धरणांचे पाणी नीट सोडले तर धोका कमी धरावा का आणि खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा विचार आराखड्यात कसा करावा, हेही जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १: जुना मोजणीदार

ताई, नदीची पातळी आणि विसर्ग (दर सेकंदाला किती पाणी वाहते ते) मोजण्याच्या कामात माझी नोकरी गेली, म्हणून आधी त्या १०० वर्षांच्या शब्दाबद्दल लिहितो, कारण जेवढा गैरसमज त्या एका शब्दाने केला आहे तेवढा दुसऱ्या कशानेही केलेला नाही. १०० वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची ९९ वर्षे सुट्टी, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे, इतकाच त्याचा अर्थ आहे. तुमचा आराखडा ३० वर्षांचा आहे. दरवर्षी १ टक्का याप्रमाणे ३० वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची असते. तोच हिशेब तिला लावला तर ३० वर्षांत ती ओलांडली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. शाळेच्या इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरले तर हे आकडे आणखी वाढतात. म्हणून 'कोणता पूर' हा प्रश्न विचारण्याआधी 'कोणती इमारत, किती वर्षांसाठी' हा प्रश्न विचारावा लागतो.

तरीही १७ वर्षांत तीन, हे कसे? याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, हे तिन्ही पूर १०० वर्षांचे होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. आपण प्रत्येक मोठ्या पुराला तसे म्हणू लागलो आहोत. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पुनरावृत्ती काळ, म्हणजे एखादा पूर सरासरी किती वर्षांनी येतो ते, काढताना मागील नोंदींमधून दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग घेतात आणि त्यावर संख्याशास्त्रीय वितरण बसवतात. या पद्धतीत असे गृहीत धरलेले असते की नदी, पाणलोट आणि पाऊस तेव्हा जसे होते तसेच आज आहेत. कृष्णा खोऱ्यात ते गृहीतक टिकत नाही. मधल्या काळात धरणे झाली, पुलांचे भराव झाले, काठावर वस्ती झाली आणि पाऊस पडण्याची रीतही बदलते आहे. मध्य भारताच्या पट्ट्यातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले होते. २२ ते २३ जुलै २०२१ या २४ तासांत एकट्या महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा एक आकडा जुन्या मालिकेत टाकला की काल ज्याला १०० वर्षांचा पूर म्हणत होतो त्याचा काळ एकदम खाली येतो. रेषा कागदावर स्थिर दिसते, पण तिच्यामागचा हिशेब हलत असतो.

आता फुटांबद्दल. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तिथे २०१९ मध्ये ५५ फूट ७ इंच आणि २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंच पाणी होते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ आहे. तिथे २०१९ मध्ये सुमारे साडेसत्तावन्न फूट पाणी चढले, पण २०२१ मध्ये ते त्याहून कमीच राहिले. म्हणजे कोल्हापूरसाठी २०२१ मोठा आणि सांगलीसाठी २०१९ मोठा. तुमचे गाव या दोन मोजपट्ट्यांच्या मध्ये, दोन्ही नद्यांच्या तावडीत आहे. त्यामुळे कुठलीही एक मोजपट्टी तुमचा धोका सांगू शकत नाही. कृष्णा उतरलेली असेल तर राजारामच्या ५० फुटांचे पाणी तुमच्याकडून पुढे निघून जाते. कृष्णा चढलेली असेल तर संगमाशी फुगवटा येतो, म्हणजे पाणी अडून मागे चढते, आणि तेवढ्याच ५० फुटांना तुमच्या चावडीत पाणी येते. आराखड्यासाठी दोन्ही मोजपट्ट्यांचे आकडे एकत्र ठेवून गावातील पातळीशी जोडणारा तक्ता हवा. तो कोणतेही कार्यालय तुम्हाला तयार देणार नाही, तो गावानेच करावा लागेल.

उत्तर २: मळीकर

मी अभियंता नाही, तुमच्याच भागातला शेतकरी आहे. मोजणीदार साहेबांनी सांगितलेला तक्ता आमच्या आजोबांच्या तोंडी होता, फक्त लिहिलेला नव्हता. राजारामला अमुक झाले की तमुक ओढ्यावरची मोरी बुडते, मग कुरुंदवाडचा रस्ता जातो, मग डीपी पाण्यात जातो म्हणून वीज बंद होते, वीज गेली की नळ बंद होतो, आणि घरात पाणी येते ते सर्वांत शेवटी. आपली मंडळी भिंतीवरची सर्वांत वरची खूण बघून भांडतात, पण गाव बुडण्याच्या किती तरी आधी ते तुटलेले असते. माझ्या मते आराखड्यात पहिला आकडा रस्ता बंद होण्याच्या पातळीचा असावा आणि महत्तम पुराचा आकडा त्यानंतर यावा.

२०१९ मध्ये आमच्या घरात पाणी फक्त गुडघाभर होते. पण रस्ता आठवड्याहून जास्त बंद होता, आणि हाल झाले ते त्या दिवसांत. गाभण म्हशीला घेऊन कुठे जायचे, वैरण कुठून आणायची, साखर असलेल्या आईचे इन्सुलिन कुठे ठेवायचे, हे प्रश्न फुटांत मोजता येत नाहीत. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढताना नाव उलटली. ती दुर्घटना पाणी किती उंच होते यापेक्षा माणसे किती उशिरा आणि कशातून निघाली याची आहे.

पिकाचेही तेच. ऊस उभा बुडाला तरी शेंडा पाण्यावर राहिला तर बरेच पीक वाचते. शेंड्यावर चार-पाच दिवस गढूळ पाणी राहिले की तो कुजतो आणि कांड्यांना डोळे फुटून वजन जाते. म्हणजे नुकसान उंचीइतकेच दिवसांवर ठरते. आराखड्यात 'किती फूट' या रकान्याशेजारी 'किती दिवस' हा रकाना असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट अधिकाऱ्यांना सांगून दमलो आहोत. पूर्वी पाणी पात्राबाहेर पडले की मळीतून, म्हणजे काठच्या शेतांतून, पसरत पुढे जायचे. आता पुलांच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच भराव आहेत, त्यामुळे पाणी पसरून पुढे जाण्याऐवजी अडून उभे राहते. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत बंद पडला हे सगळ्यांनी पाहिले. तिथे भरावाऐवजी कमानींचा पूल असता तर काय झाले असते, याचा हिशेब जाणकारांनी करावा.

उत्तर ३: विसर्ग

धरणांच्या प्रश्नाचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करतो. 'धरणे नीट चालवली तर' या शब्दांवर आपल्याकडे फार मोठा भार टाकला जातो, म्हणून थोडे गणित करून पाहू. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्या पाणलोटात एका दिवसात सरासरी ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातले ८० टक्के पाणी वाहून आले असे धरले, तर एका दिवसात सुमारे १५ टीएमसी पाणी जमा होते. म्हणजेच दिवसभर सरासरी पावणेदोन लाख क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) आवक. पुरासाठी १५ टीएमसी जागा मोकळी ठेवली, तर अशा पावसात तुम्ही एक दिवस विकत घेतला. एक दिवस म्हणजे थोडे नव्हे, माणसे आणि जनावरे हलवायला तो पुरतो. पण २०१९ सारखा पाऊस दोन आठवडे हटत नाही तेव्हा ती जागा पुन्हा रिकामी करायला उसंत मिळत नाही.

कोयना पूरनियंत्रणासाठी बांधलेले धरण नाही. ते वीज आणि सिंचनासाठी आहे. जुलैअखेर किती आणि ऑगस्टअखेर किती साठा असावा याचे परिचालन वेळापत्रक असते, परंतु सप्टेंबरात पाऊस गेला आणि धरण भरले नाही तर उन्हाळ्यात त्याच अधिकाऱ्याला कोणी माफ करत नाही. म्हणून जागा मोकळी ठेवण्याचा निर्णय हवामानाच्या अंदाजावर भरवसा ठेवूनच होऊ शकतो. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळीच्या तात्काळ नोंदी देणारी स्वयंचलित यंत्रणा जलसंपदा विभागाने उभारलेली आहे. तिच्या नोंदी गावापर्यंत वापरण्याजोग्या रूपात पोहोचल्या पाहिजेत.

पंचगंगेचे तर वेगळेच आहे. राधानगरी ८.३६, तुळशी ३.४७, कासारी २.७७ आणि कुंभी २.७१ मिळून साठवण साधारण १७ टीएमसी भरते. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, तिथे माणसाच्या हातात फारसे काही नसते. शिवाय धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसाला, ज्याला आम्ही मुक्त पाणलोट म्हणतो, कोणतेच दार नाही. म्हणून ताई, धरणांच्या भरवशावर शाळेचा जोता एक इंचही खाली घेऊ नका. धरणाच्या चांगल्या परिचालनाचा फायदा इशाऱ्याच्या तासांत धरा, इमारतीच्या उंचीत धरू नका.

उत्तर ४: संगमावरून

हे सर्व ठीक आहे, परंतु अलमट्टीबद्दल कोणी बोलत नाही. तिथला फुगवटा हेच मूळ कारण आहे असे आमच्या भागात शेंबडे पोरही सांगेल. त्यावर पडदा टाकून गावांनीच जोते उंच करत बसायचे का?

उत्तर ५: विसर्ग

पडदा टाकण्याचा हेतू नाही. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. तो अनेकांना पटला नाही आणि अलमट्टीच्या वर, आपल्या अधिक जवळ असलेल्या हिप्परगी बंधाऱ्यासह नव्याने अभ्यास व्हावा ही मागणी तेव्हापासून सुरू आहे. माझे वैयक्तिक मत समितीच्या बाजूने झुकते, कारण २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळी पाणी चढण्याचा क्रम सह्याद्रीतील पावसाशी जुळतो. परंतु पूर ओसरायला लागलेला वेळ हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याबाबत मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही.

दीर्घकालीन आराखड्याच्या दृष्टीने मात्र हा वाद संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावरची पाण्याची उंची, आज ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली असून महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. पुढील ३० वर्षांत ती उंची वाढेल की नाही हे तुमच्या ग्रामपंचायतीच्या हातात नाही, म्हणून दोन्ही शक्यता धरून कोणता निर्णय टिकतो ते पाहावे. उंच जागेवर बांधलेली शाळा दोन्ही परिस्थितींत योग्य ठरते. नदीकाठी भिंत बांधून आत वस्ती वाढवणे पहिल्या परिस्थितीत कदाचित चालेल, दुसऱ्या परिस्थितीत ते अंगाशी येईल. महापुराचे पाणी बोगद्यांनी आणि कालव्यांनी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या योजनेबाबतही मी हेच म्हणेन. ती व्हावी, पण पुराचा विसर्ग लाखो क्युसेक असतो आणि कालव्याची वहनक्षमता हजारांत. दुष्काळासाठी ती मोलाची ठरेल, तुमच्या पूरपातळीत तिच्यामुळे फार फरक पडेल असे मला वाटत नाही.

उत्तर ६: आराखडाकार

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करते. पूररेषेचा कायदेशीर भाग थोडक्यात सांगते. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथे नवे बांधकाम नाही. निळी आणि लाल रेषेमधील नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींसह परवानगी. तेव्हा लाल रेषेचे पालन करावेच लागेल. परंतु ती मर्यादा किमान आहे, पुरेशी आहे असे कायदा कुठेच म्हणत नाही. तुमच्या चार कामांना एकच रेषा लावू नका. जनावरांचा निवारा वर्षाचे अकरा महिने रिकामा राहतो, तो पुरातही पोहोचता येईल अशा उंचवट्यावर हवा. उपकेंद्र पुरात चालू राहिले पाहिजे, म्हणून त्याची जागा आजवरच्या सर्वांत मोठ्या खुणेच्या वर आणि शक्यतो न बुडणाऱ्या रस्त्याला लागून हवी. जॅकवेल नदीतच असणार, तिला वर नेता येत नाही, पण तिचे विद्युत पॅनेल आणि मोटारी नेता येतात. कोल्हापूर शहराला २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत चहूबाजूंनी पाणी असताना पिण्याचे पाणी मिळाले नाही, कारण उपसा केंद्रेच बुडाली होती.

पुनर्वसनाचा विषय ग्रामसभेत निघाला नसेल तर निघेल. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखलीचा अनुभव जरूर समजून घ्या. १९८९ च्या पुरानंतर तिथल्या ग्रामस्थांना सोनतळीला भूखंड देण्यात आले. तरीही जुने गाव नांदतेच आहे आणि पूर आला की लोक सोनतळीकडे निघतात. बाहेरचे लोक याला हट्ट म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्याची काळी जमीन आणि गोठा नदीला लागून आहे त्याला रोज पाच-सहा किलोमीटर ये-जा करायला सांगणारा आराखडा अपुरा आहे. उलट चिखलीकरांनी नकळत दोन घरांची पद्धत शोधून काढली, असे मी म्हणेन: एक कामाचे आणि एक पुराचे. तुमच्या गावाला संपूर्ण स्थलांतर परवडणार नसेल तर उंच जागी सामायिक इमारत, शौचालये, वैरणीची कोठी आणि पाण्याची टाकी एवढे जरी आधी झाले, तरी ते पुनर्वसनाचे पहिले पाऊल ठरू शकते.

काठावरची

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीच्या बैठकीत हे सारे वाचून दाखवले. मळीकर दादांचे म्हणणे सर्वांना लगेच पटले आणि त्यावरून भिंतीवरच्या खुणांचा वाद बराचसा थंडावला. आम्ही आता महत्तम पूर बाजूला ठेवून बंद पडण्याच्या क्रमाची यादी केली आहे: ओढ्यावरची मोरी, मुख्य रस्ता, डीपी, जॅकवेल, शाळा, खालची आळी, चावडी. गंमत अशी की शाळेसाठी सुचवलेली नवी जागा २०१९ च्या खुणेच्या वर आहे, पण तिथे जाणारा रस्ता सर्वांत आधी बुडणाऱ्या मोरीवरून जातो. तो ठराव आम्ही तूर्त मागे ठेवला आहे.

आता तक्त्यासाठी प्रत्येक ठिकाणची उंची मोजायची आहे. २००५ आणि २०१९ च्या खुणा वेगवेगळ्या भिंतींवर आहेत आणि एक भिंत पडलीसुद्धा आहे. सुरुवात कुठून करावी?

जुना मोजणीदार

सुरुवात न हलणाऱ्या वस्तूपासून करा. देवळाचा दगडी चौथरा किंवा जुन्या पुलाचा कठडा असेल तर उत्तम. त्यावर छिन्नीने खूण करून घ्या आणि भूमापकाकडून किंवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मदतीने तिचा समुद्रसपाटीपासूनचा तलांक ठरवून घ्या. मग यादीतील प्रत्येक ठिकाण आणि भिंतींवरील प्रत्येक खूण त्या एका खुणेशी लेव्हल लावून जोडा. हे दोन दिवसांचे काम आहे. पडलेल्या भिंतीची खूण आठवणीवरून घ्यायची तर किमान तीन घरांतील माणसांना वेगवेगळे विचारा. एकत्र विचारले की पाणी नेहमी चढते.

पावसाळ्यात देवळाजवळ रंगवलेली पट्टी लावा. पाणी पात्राबाहेर पडल्यापासून दर तीन तासांनी तिची नोंद घ्या, आणि त्याच वेळी राजाराम व आयर्विनचे जाहीर झालेले आकडे शेजारी लिहा. पाणी उतरतानाही नोंद थांबवू नका. बहुतेक गावे पाणी उतरू लागले की वही मिटतात आणि किती दिवस रस्ता बंद होता हे मग कोणालाच सांगता येत नाही. बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) कोणत्या तारखेला काढले तेही त्याच वहीत लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या हाती असा तक्ता येईल की राजाराम ४५ आणि आयर्विन ४२ असताना तुमच्या मोरीवर किती पाणी असते, हे बघून सांगता येईल. मोठा पूर आलाच नाही तरी चालेल, कारण मोरी आणि रस्ता बुडवायला मध्यम पूरही पुरतो.

शाळेचा ठराव मागे ठेवला हे योग्य केलेत. त्या मोरीची रुंदी, उंची आणि ओढ्याचे पाणलोट किती आहे ते कळवा. कदाचित शाळेची जागा न बदलता मोरीच्या जागी छोटा पूल करूनही भागेल, पण आकडे पाहिल्याशिवाय सांगणे बरोबर नाही.